आठही दिवे लागले होते

ही गोष्ट लिहायचं मी सहा वर्षं टाळत आलो आहे. निवृत्त सोबत्यांनी आठवणी लिहायचा आग्रह धरला तेव्हा मी दोनशे पानी वही आणली आणि टेलिफोन खात्यातल्या नोकरीवर निम्मी वही भरली. खड्ड्यात उतरून केलेले जोड, उंदरांनी कुरतडलेल्या केबली, कापसाच्या हंगामात लाइन बंद पडली की अडत्यांच्या शिव्या, सगळं आलं. ज्या गोष्टीसाठी वही घेतली होती, तिच्यापाशी पोचलो की मात्र मी पेन ठेवून चहा मागायचो. आता वय चौऱ्याहत्तर. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे. त्याआधी लिहून टाकतो. माझी सून एका मोठ्या परीक्षेत नापास झाली, ती माझ्यामुळे. हे तिला आजही ठाऊक नाही.

परीक्षा कॉम्प्युटर नेटवर्किंगची होती. लेखी भाग तिने पहिल्या खेपेलाच काढला होता. उरला होता हाताने करून दाखवायचा भाग, पूर्ण आठ तासांचा. समोर एका कल्पित कंपनीचं जाळं देतात. कचेऱ्या, शाखा, त्यांना जोडणाऱ्या लाइनी. म्हणतात, हे उभं कर. मग मुद्दाम मोडलेलं जाळं देतात आणि म्हणतात, काय बिघडलं ते शोध. नुसतं पाठांतर तिथे कामाला येत नाही. केंद्रंही मोजकी, तिला बेंगळुरूला जायचं होतं.

ती भैंसा गावाजवळच्या मुधोळकडची. तिचे वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले आणि पोरीला इंजिनिअर केलं. लग्नानंतर ती हैदराबादेत एका कंपनीत फोनवर तक्रारी घ्यायचं काम करत होती. साहेबाने तिला सांगितलं होतं, ही परीक्षा काढ, जाळी आखणाऱ्या मंडळींत तुला घेतो. नाही तर फोन आहेच. तिने सहा महिन्यांची रजा घेतली. हैदराबादेतलं घर एका खोलीचं, त्यात यंत्रं मांडायला जागा नाही. म्हणून ती आदिलाबादेला आमच्याकडे आली आणि माझा मुलगा तिकडेच राहिला.

तिच्यासोबत टेम्पोतून जुनी विकत घेतलेली यंत्रं आली. तीन राउटर, चार स्विच, सगळी काळी आणि जड. चालू केली की गिरणीसारखा आवाज. माझी बायको दारात उभी राहून बघत होती.

"सून आली का कापसाची जिनिंग आली वो?" तिने मला विचारलं.

दोन दिवसांत आवाजाने तिचं डोकं उठलं, तेव्हा अर्धी यंत्रं गच्चीवरच्या खोलीत गेली आणि अर्धी पुढच्या खोलीत राहिली. सुनेला ते आवडलंच. "मामाजी, हे झालं आदिलाबाद ऑफिस आन वरचं झालं भैंसा ऑफिस," ती म्हणाली. "आता मधात लाइन पायजे."

लाइन. हा शब्द ऐकून मला काय झालं ते सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही.

मी खात्यात केबल जॉइंटर होतो. चौतीस वर्षं. शंभर-शंभर जोड्यांची केबल तुटली की खड्ड्यात मांडी घालून एकेक तार तिच्या जोडीदाराला लावून द्यायची. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी. हा रंगांचा क्रम मला झोपेत विचारला तरी आला असता. आमच्या उस्तादाने पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती, की जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून चालतात, त्यांना शेजारीशेजारीच ठेवायचं. जोडी फुटली की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या फोनवर ऐकू येतं. मी केलेल्या जोडावर परत तक्रार आली असं क्वचित झालं. मग हळूहळू घरातले फोन गेले, खड्डे बुजले, माझी हत्यारं माळ्यावर गेली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती आणि कोणी मला कशासाठी विचारत नव्हतं.

"बाई, लाइन मी टाकतो," मी म्हणालो.

बाजारातून केबलचं बंडल आणि प्लास्टिकचे प्लग आणले. माळ्यावरून पिशवी काढली. जिन्याच्या कडेने, खिळ्यांना बांधत, तीस मीटर केबल अशी टाकली की सून बघतच राहिली. टोकांना प्लग मीच बसवले. प्लगमध्ये आठ बारीक खाचा असतात, आठ तारांसाठी. नारिंगी जोडी, तिच्या शेजारी हिरवी, तिच्या शेजारी निळी, मग तपकिरी. चारही जोड्या शेजारीशेजारी, शाळेतल्या पोरांच्या रांगेसारख्या. तपासायचं छोटं यंत्र लावलं. एक ते आठ दिवे ओळीने लागले.

"जॉइंटरसाहेब पुना ड्यूटीवर," बायको म्हणाली.

तिथून आमच्या घराला वेगळाच चेहरा आला. पहाटे पाचला सून उठायची आणि यंत्रं सुरू करायची. नाश्त्यानंतर माझी पाळी. तिने मला कागदावर बिघाड लिहून दिले होते, पन्नासेक. ही तार काढायची, हा आकडा बदलायचा, हे बटण बंद करायचं. तिने अंगणात जायचं, मी त्यातले तीन बिघाड करायचे, मग तिने येऊन घड्याळ लावून शोधायचे. मी आकडे टंकताना एका बोटाने टंकायचो आणि ती बाहेरून ओरडायची, "मामाजी, झालं का? परीक्षा संपून जाईल माही!" सुरुवातीला तिला तास लागायचा. दुसऱ्या महिन्यात वीस मिनिटं. एकदा तर खोलीत न येता दारातूनच म्हणाली, "वरच्या स्विचची तार काढली तुमी. तुमच्या कमीजले तिथलं कोळ्याचं जाळं लागलं आहे." मला इतका आनंद झाला की मी भाजी मंडईत भेटेल त्याला सांगत सुटलो. तेलुगू मास्तर, मिरचीवाला, पोस्टातला कारकून. कोणाला त्यातलं काय कळलं असेल कोण जाणे. मी म्हणायचो, सून माझी लाइनीतली माणूस आहे.

चौथ्या महिन्यात एक दुखणं सुरू झालं.

जाळं लहान होतं तोवर सगळं ठीक चाललं होतं. तिने त्यावरून भरपूर माहिती एकदम पाठवायला सुरुवात केली, तेव्हा वरच्या आणि खालच्या यंत्रांची एकमेकांशी पटलेली ओळख मध्येच तुटू लागली. तुटायची, जुळायची, पुन्हा तुटायची. पडद्यावर चुकांचा आकडा वाढत जायचा. तिने वेगाचे आकडे बदलून पाहिले, यंत्रं अदलाबदल करून पाहिली, सगळं पुसून पहिल्यापासून मांडलं. आठवडा गेला. तिची परीक्षा महिन्याभरावर आली होती.

एका दुपारी ती जिन्यात उभी राहिली. हात केबलवर होता.

"मामाजी, राग नका मानू. तार तर बरोबर आहे ना?"

मी पेपर वाचत होतो. तो खाली ठेवला आणि तपासायचं यंत्र घेऊन आलो. त्याचा अर्धा भाग ती वरच्या टोकाला लावून आली, अर्धा मी खालच्या टोकाला लावला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ.

"चौतीस वर्षं हेच केलं बाई," मी म्हणालो. "तुहं गणित चुकून राह्यलं. तार काऊन बदनाम करतं?"

आवाज चढला होता माझा. स्वयंपाकघरातून बायको डोकावली. सून जिन्याकडे वळली. "माफ करा मामाजी. मलेच समजून नाही राह्यलं," ती म्हणाली आणि वर गेली.

त्यानंतर तिने तारेचं नाव काढलं नाही. तीन आठवडे ती स्वतःचीच चूक शोधत राहिली. जेवताना घास हातात तसाच राहायचा. नवऱ्याशी फोनवर बोलताना म्हणायची, "येते मले सगळं, पण कुठंतरी बेस कच्चा आहे माहा." मी ते ऐकायचो आणि मला तिची कीव यायची. खरंच कीव यायची.

परीक्षेला बारा दिवस उरले असताना मी प्लग आणायला बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर दुकानात गेलो. दुकानदार एका गिऱ्हाइकासाठी केबल तयार करत होता. पन्नाशीचा माणूस, मेंदी लावलेली दाढी, तोंडात पान. मी सवयीने त्याच्या बोटांकडे बघत बसलो. नारिंगी जोडी बसवली. मग हिरव्या जोडीतली एक तार तिसऱ्या खाचेत घातली आणि दुसरी उचलून थेट सहाव्या खाचेत. मधल्या दोन खाचांत निळी जोडी.

"भाई, ये हरी जोड़ी को अलग कायको किया?" मी विचारलं.

"ऐसाइच रहता चाचा. तीन और छे एकीच जोड़ी में होना."

"और सब बाजू बाजू में डाले तो?"

तो हसला. "बत्तियाँ पूरी जलतीं, काम नहीं करता. छोटी तार में चल जाता, लंबी में धोका देता. वो पुराने टेलिफोनवाले लोगां है ना, वो ऐसीच गलती करते. जोड़ी से जोड़ी चिपका देते."

मी प्लग घेतले आणि बाहेर आलो. मार्केट यार्डकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. त्यातून चालत घरी यायला पंधरा मिनिटं लागतात, मला किती लागली माहीत नाही. जोडी फुटू द्यायची नाही, एवढंच मी जन्मभर पाळलं होतं. त्याच हाताने मी जोडी फोडली होती. तिसरी तार एका जोडीतली, सहावी दुसऱ्या जोडीतली. आणि यंत्रं बिचारी त्या दोघींना एक समजून बोलायला बघत होती. दिव्यांना एवढंच कळतं की तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचली. तिचा जोडीदार कोण, ते दिव्यांना कळत नाही. मला कळायला हवं होतं.

वाटेत मी ठरवलं होतं की गेल्यागेल्या सांगायचं. हे मी स्वतःच्या बाजूने म्हणून लिहीत नाही, घडलं तसं लिहितो.

घरी आलो तर सून न्हाणीत होती. बायको बाजूच्या घरी गेली होती. दोन्ही खोल्या रिकाम्या. मी पिशवी उघडली, खालचं टोक कापलं, दुकानदाराने लावलं तसं लावलं. वर गेलो, वरचं टोक लावलं. पाच-सात मिनिटांचं काम. कापलेले दोन प्लग पायजम्याच्या खिशात टाकले आणि पुढच्या खोलीत येऊन पेपर उघडून बसलो. मनात म्हणत होतो, आधी दुरुस्त करू, मग सांगू. दुरुस्त केल्यावर सांगणं सोपं जाईल.

सून केस पुसत वर गेली. थोड्या वेळाने जिन्यावरून धाडधाड पावलं आली.

"मामाजी! थांबलं! चुका थांबल्या!"

तिचे डोळे भरले होते. त्या सकाळी तिने एक आकडा बदलून ठेवला होता. माहितीचे गठ्ठे करून पाठवतात ना, त्या गठ्ठ्यांचं माप तिने कमी केलं होतं. लहान गठ्ठे केले की फुटक्या जोडीवरूनही थोडे जास्त नीट पोचत असणार, म्हणून तिला सकाळीच जरासा फरक दिसला होता. आता तर आकडा हलतच नव्हता. तिला औषध सापडलं होतं. तिने वही काढली आणि लाल शाईने लिहिलं: ओळख सारखी तुटत असेल तर आधी गठ्ठ्यांचं माप पाहा. खाली दोन रेघा.

"तुमी म्हटलं होतं ना, गणित चुकून राह्यलं. बरोबर होतं तुमचं," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं होतं. बायकोने त्या संध्याकाळी शिरा केला. मी दोनदा घेतला.

पुढचे बारा दिवस मी रोज कारण शोधत होतो. आज तिचा सराव चांगला झालाय, कशाला मन मोडायचं. आज ती दमली आहे. परीक्षा तोंडावर आहे, आता सांगितलं तर तिचा तोल जाईल. परीक्षा झाली की सांगू. यातलं प्रत्येक कारण ऐकायला समंजस होतं. त्या लाल शाईच्या ओळीत चुकीची गोष्ट लिहिली आहे आणि ती तीच घेऊन परीक्षेला निघाली आहे, याचा विचार माझ्या मनात आला नव्हता असं म्हणायची सोय नाही. आला होता. मी म्हणालो, एवढ्या मोठ्या परीक्षेत नेमकं तेच थोडंच येणार आहे.

नेमकं तेच आलं.

बेंगळुरूहून निकाल घेऊनच ती आदिलाबादेला आली, यंत्रं आवरायला. ओट्यावर बसून वालाच्या शेंगा निवडत तिने सगळं सांगितलं. उभारणीचा भाग वेळेआधी झाला होता. बिघाड शोधायच्या भागात दोन शाखांतली ओळख सारखी तुटत होती. तिला हसू आलं म्हणे; हे तर मला येतं. तिने गठ्ठ्यांचं माप बदललं. फरक नाही. आणखी बदललं. त्याने पलीकडच्या दोन चांगल्या लाइनी बंद पडल्या, कारण दोन्ही टोकांची मापं सारखी असावी लागतात. त्या सुरू करण्यात सव्वा तास गेला. खरा बिघाड अगदी साधा होता, एका यंत्राला चुकीचा पत्ता दिलेला.

"माह्या कागदात होता तो बिघाड, मामाजी. तुमी पाच-सहा वेळा केला असन. मी दोन मिनिटांत काढत होती. पण मी तिकडं पाह्यलंच नाही." तिने एक किडकी शेंग बाजूला टाकली. "काऊन असं झालं असन?"

तिने मला सरळ विचारलं होतं. आणि मी म्हणालो, "नशीब, बाई."

आमच्या घरात हा शब्द नाही. माझ्या वडिलांनी तो घराबाहेर काढला होता. मजुरी करणारा माणूस, पण दीक्षा घेतल्यापासून म्हणायचे, नशीब म्हणायचं नाही, कारण शोधायचं. मी तेच माझ्या पोरांना शिकवलं. सुनेचं माहेरही तसंच. तिने चमकून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगा निवडू लागली. दर रविवारी विहारात वंदनेला मी पहिल्या रांगेत बसतो. खोटं न बोलण्याचं शील येतं तिथे गेली सहा वर्षं माझा आवाज खाली जातो. शेजारचे समजतात, वय झालं.

तिने परीक्षा पुन्हा दिली नाही. मुलाने आग्रह केला, मीही केला, मोठ्या तोंडाने केला. ती म्हणायची, "आकडे येते मले. पण काऊन होऊन राह्यलं ते नाही समजत. ते समजणारं डोकं वेगळं राह्यते." साहेबाने ती जागा दुसऱ्याला दिली. ती परत फोनवर बसली, आजही तिथेच आहे. लोक बिघाड सांगतात, ती लिहून घेते आणि शोधणाऱ्यांकडे पाठवते.

यंदा डोळ्यासाठी मी हैदराबादेला तिच्याकडे आठ दिवस राहिलो. घर आता दोन खोल्यांचं. डोळ्यात थेंब तीच घालायची, वेळ चुकवायची नाही. तिसऱ्या दिवशी घरातलं इंटरनेट बंद पडलं. मुलगा कामावर होता. ती त्या डब्यापाशी गेली, दिव्यांकडे बघितलं, हात पुढे केला आणि मागे घेतला. मग फोन करून माणूस बोलावला.

"तू पाह्य ना बाई," मी म्हणालो. "तुले येते."

ती हसली. "मले त्याच्यातलं नाही जमत मामाजी. तुमाले तर मालूम आहे."

माणूस आला. दोन मिनिटांत एक तार नीट दाबून गेला. ती दार लावून आली आणि माझ्या शेजारी बसून तूर निवडू लागली. घरात आम्ही दोघंच. मी खाटेवर उठून बसलो. चार वाक्यं होती, कित्येक वेळा मनात म्हणून झालेली. घसा साफ केला.

"काई पायजे का मामाजी?"

"नाही."

"काई म्हणून राह्यले होते."

एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्याने मला ती धुरकट दिसत होती. सासऱ्याने सुनेची माफी मागायची आमच्यात रीत नाही, हे मी त्या वेळी मनात म्हटलं. ते खरं कारण नव्हतं. मला भीती होती की ती रागावणारच नाही. ती हिशेब जुळवेल, तो लाल शाईचा दिवस, मी पेपर उघडून बसलेलो, मी म्हटलेलं नशीब; आणि मग हळूच म्हणेल, जाऊ द्या मामाजी. ते ऐकायची माझी छाती नव्हती.

"थेंबाची वेळ झाली का, तेच विचारून राह्यलो होतो," मी म्हणालो.

हे छापलं गेलं तर ती वाचेल. पण कागदावर वाचणं आणि माझ्या तोंडून ऐकणं एक नव्हे, एवढं मला समजतं. तिला सांगायचं होतं ते असं होतं: बाई, तुहं डोकं बरोबर होतं. तू तारेवर हात ठेवून विचारलं, तेव्हा बिघाड तुह्या हाताखालीच होता, मी तुले ओरडून तिथून हटवलं. नंतर चोरून तार बदलली आन तुले खोटं औषध वहीत लिहू दिलं. मले माफ कर.